डांबरी वाहनतळाचे नूतनीकरण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डांबरी वाहनतळ उखडला की विजयदुर्गसारख्या बंदराच्या गावात त्याचे खापर खाऱ्या हवेवर फुटते. खारी हवा लोखंड गंजवते, काँक्रीटमधल्या सळ्या तिच्यामुळे फुगतात. डांबराला तिचा फारसा उपद्रव नाही. डांबराचा वैरी पाणी. उन्हाने डांबर वर्षानुवर्षे कडक होत जाते, बारीक भेगा पडतात आणि जून ते सप्टेंबरचा कोकणी पाऊस त्यांतून खाली उतरून खडीवरचे डांबर सोडवतो. खड्ड्याच्या कडेची खडी हातात घेऊन पाहावी. ती धुतल्यासारखी उघडी दिसली, तर हेच घडलेले असते.

‘वरून एक कार्पेट मारले की झाले’ हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. असा थर जेमतेम 25 ते 40 मिलिमीटर जाडीचा; गाड्यांचा भार शेवटी खालच्या खडीकरणालाच पेलावा लागतो. मगरीच्या पाठीसारखे जाळीदार तडे दिसले, तर बहुधा पायाच खचलेला असतो. तेवढा भाग चौकोनी कापून, खणून, नवी खडी दाबून भरली नाही, तर तेच तडे लवकरच नव्या थरातून वर येतात. थरावर थर चढवत गेल्यास पातळीही वाढते आणि पाणी शेजारच्या गाळ्यांत शिरते. दहा मीटरला सुमारे 20 सेंटिमीटर उतार आणि वाहते गटार हवेच. निधी अपुरा असेल तर क्षेत्र कमी करावे. उतार आणि गटारात कसर करू नये.

जुना थर झाडून त्यावर टॅक कोट, म्हणजे डांबराचे पातळ इमल्शन, मारतात, तो निव्वळ उपचार नव्हे. दोन थर त्यानेच चिकटतात. हे इमल्शन मारताना तपकिरी असते. ते काळे पडेपर्यंत थांबायचे, मगच हॉटमिक्स, म्हणजे खडी-डांबराचे गरम मिश्रण, पसरायचे. घाईत नेमके हेच थांबणे टळते.

जास्त डांबर म्हणजे जास्त टिकाऊपणा, हेही खरे नाही. मिश्रणात वजनाने साधारण 5 टक्के डांबर पुरते. जादा झाले तर वैशाखात ते वर येते. हजार चौरस मीटरवर 30 मिलिमीटरच्या थराला सुमारे 70 टन मिश्रण लागते. विजयदुर्ग किल्ल्याचे जांभ्याचे तट शतकानुशतके उभे आहेत, पण म्हणून जांभ्याची खडी वरच्या थराला चालत नाही. तो सच्छिद्र दगड चाकाखाली भुगा होतो. खडी काळ्या दगडाचीच हवी.

गाड्या नुसत्या उभ्या असतात, मग झीज कसली, असेही वाटते. उलट, तापलेल्या डांबरात उभी बस रुतते, जागच्या जागी वळवलेले चाक पृष्ठभाग खरवडते आणि ठिबकणारे डिझेल डांबर विरघळवते. डिझेल मुरलेला भाग कापूनच काढावा लागतो.

डांबरीकरण कोरड्या दिवसांतच करावे, पण तयारी पावसातच सुरू करावी: पाणी जिथे साचते तिथे रंगाने खूण करून ठेवावी आणि काम देताना ती जागा ठेकेदाराला आधी दाखवावी.