आधी फुंकर, मग किल्ली

1992 सालची नाताळची आदली रात्र. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहराजवळच्या महामार्गावर दारू प्यालेला एक जण उलट्या दिशेने गाडी हाकत आला आणि समोरच्या मोटारीवर आदळला. एक आई आणि तिच्या तीन लहान मुली त्यात गेल्या. वडील तेवढे वाचले. त्या मुलींची आजी रडत घरी बसली नाही. ती कायदा बदला म्हणून उभी राहिली, आणि तिच्यासोबत लोकही.

त्या राज्यात तेव्हा गाडीतून न उतरता, खिडकीतून हात बाहेर काढून दारू विकत घ्यायची सोय होती. 1998 मध्ये त्या खिडक्या बंद झाल्या. पुढे 2005 मध्ये न्यू मेक्सिकोने असा कायदा केला, जो तोवर अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हता. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टाने दोषी ठरवलेल्या प्रत्येकाच्या गाडीत, गुन्हा पहिलाच असला तरी, फुंकर मारायचे कुलूप बसवायचे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्ष, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

हे कुलूप म्हणजे काय? नाकाबंदीत पोलीस तोंडासमोर धरतात तसलेच यंत्र, फक्त त्याची वायर गाडीच्या स्टार्टरला जोडलेली. ड्रायव्हरने नळीत फुंकायचे. श्वासात ठरल्यापेक्षा जास्त दारू सापडली तर किल्ली कितीही फिरवा, इंजिन सुरू होत नाही. ही मर्यादा अगदी कमी असते, रक्ताच्या हिशेबात 100 मिलिलिटरला साधारण 20 ते 25 मिलिग्रॅम.

माणूस पळवाट शोधणारच. बायकोला किंवा पोराला फुंकायला लावले तर? म्हणून बऱ्याच यंत्रांना कॅमेरा असतो, आणि दुसऱ्याच्या वतीने फुंकणे हा अनेक राज्यांत गुन्हा आहे. गाडी सुरू करून मग प्यायली तर? म्हणून वाटेत मधूनमधून यंत्र पुन्हा फुंकायला सांगते. तेव्हा नापास झाला तर धावती गाडी बंद पडत नाही, कारण त्यात मागच्यांचा जीव जाईल. हॉर्न वाजत राहतो, दिवे उघडझाप करतात, आणि सगळी नोंद अधिकाऱ्यांकडे जाते.

या नोंदींतली एक गोष्ट आपल्या घरांनी नीट वाचावी. यंत्र माणसाला नुसते रात्रीच अडवत नाही. सकाळी कामावर निघतानाही अडवते. रात्री पोटभर प्यालेला माणूस सकाळी आंघोळ करून, चहा घेऊन, स्वतःला ठीक समजून गाडीत बसतो. पण दारू रक्तात असतेच. आपले यकृत ती संथपणे काढते, साधारण एका पेगला एक तास. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, गार पाणी यांनी तो वेग तसूभर वाढत नाही. मध्यरात्री बाराला सहा-सात पेग रिचवून सकाळी सहाला रिक्षा किंवा टेम्पो काढणारा माणूस प्यालेलाच असू शकतो. घरातले म्हणतात, आता उतरली त्याची. उतरलेली नसते.

मग याचा उपयोग किती? अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने बरेच अभ्यास एकत्र तपासले. यंत्र गाडीत आहे तोवर पुन्हा पिऊन गाडी चालवताना पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते. पण यंत्र काढले की बहुतेक फरक पुसला जातो. कुलूप गाडीला लागते, व्यसनाला नाही. फ्लोरिडा राज्यात ज्यांना यंत्रासोबत उपचारही घ्यायला लावले, त्यांच्यात यंत्र काढल्यानंतर पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी राहिले. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पैशाचा प्रश्न तिथेही आहे. यंत्राचे भाडे दर महिन्याला दोषी माणसानेच भरायचे. न्यू मेक्सिकोने गरिबांसाठी वेगळा निधी ठेवला, तरी माझ्याकडे गाडीच नाही असे कोर्टात सांगून सुटणारे आणि मग दुसऱ्याची गाडी चालवणारे निघालेच. पण कोर्टाने नुसते लायसन्स काढून घेतले तर काय होते? पोटासाठी माणूस बिनलायसन्सचीच गाडी चालवतो. यंत्र असले तर तो कामाला जाऊ शकतो, फक्त पिऊन नाही. ज्या घराची चूल एका स्टिअरिंगवर पेटते, त्या घराला हा फरक सांगावा लागत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 185 आहे. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या 80 पेक्षा बरीच कडक. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. यंत्राची सक्ती यात नाही. आणि 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. मोटारीसाठी घडवलेले कुलूप मोटारसायकलला कितपत पुरे पडेल, हा विचार आपल्याकडे कायदा करणाऱ्यांना आधी करावा लागेल. गांजा ओढलेल्यालाही हे यंत्र ओळखत नाही.

पाचवे शील पाळणाऱ्या घराला हे सगळे दूरचे वाटेल. पण रस्त्यावर समोरून येणारा कोण, हे आपल्या हातात नसते. आणि प्रत्येक घरात ते शील सगळेच पाळतात असेही नाही, हे आपण जाणतो.

घरात रोज पिणारा चालक असेल तर एक काळजी घ्या. त्याची दारू एका दिवसात जबरदस्तीने तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, कधी आकडी येते, आणि यात जीवही जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, फोनला पैसे लागत नाहीत, आणि तो फोन घरातल्या बाईनेही लावला तरी चालतो. तोवर रात्री गाडीची किल्ली घरात दुसऱ्या कुणाकडे राहू द्या, आणि सकाळी ती देण्याआधी रात्री किती आणि केव्हा प्यायली याचे तास मोजा.