स्वदेशीचा राहून गेलेला प्रश्न

कोणते कापड विकत घ्यावे हा केवळ आवडीचा आणि ऐपतीचा नव्हे, तर नीतीचाही प्रश्न आहे, ही गोष्ट पुणे शहराला नव्याने शिकविण्याचे कारण नाही. १८७२ मध्ये सार्वजनिक काका, म्हणजेच गणेश वासुदेव जोशी, यांनी हातसुताची खादी वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते त्याच जाड्याभरड्या वेषात वावरले. पुढे १९०५ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, लकडी पुलापलीकडे विलायती कापडाची होळी पेटली. तिच्यात पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना १० रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. अंगावरचा सदरा कोणाच्या तिजोरीत भर घालतो, हा प्रश्न या शहराने जाहीरपणे विचारला होता आणि त्याची किंमतही मोजली होती.

परंतु त्या प्रश्नाला लागूनच असलेला दुसरा प्रश्न तेव्हा मागे राहिला. कापड कोणत्या देशाचे, हे विचारले गेले. ते कोणाच्या हातांनी, किती तासांच्या श्रमाने आणि कोणत्या मजुरीवर तयार झाले, हे फारसे कोणी विचारले नाही. ज्या १९०५ साली पुण्यात होळी पेटली, त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आल्याने सूर्यास्ताचा अडसर दूर झाला होता आणि मालाला उठाव असल्यामुळे अनेक गिरण्यांतून कामगारांना दिवसाकाठी चौदा-पंधरा तास राबविले जात होते. कापड स्वदेशी होते आणि राबणारे हातही स्वदेशी होते. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची कायदेशीर मर्यादा यावयास १९११ साल उजाडावे लागले.

हा दुसरा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता, असेही नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती आणि १८९० मध्ये ती मान्य झाली. मात्र त्या काळच्या अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी कारखान्यांविषयीच्या कायद्यांना विरोध केला. देशी गिरण्यांचे पाय ओढण्याचा हा लँकेशायरचा डाव आहे, अशी त्यांची शंका होती. ती निराधार नव्हती. पण शंका खरी असली म्हणून गिरणीत राबणाऱ्या पोराचे हाल खोटे ठरत नव्हते. देशाभिमान आणि श्रमिकाविषयीची आस्था यांची तेव्हा जी फारकत झाली, ती आजही पुरती मिटलेली नाही.

चिठ्ठी काय सांगत नाही?

लक्ष्मी रस्त्यावरच्या कोणत्याही दुकानातील तयार कपड्याच्या गळपट्टीवर एक चिठ्ठी शिवलेली असते. तो कोणत्या देशात शिवला आणि कसा धुवावा, एवढे ती सांगते. म्हणजे १९०५ चा प्रश्न सव्वाशे वर्षांनी चिठ्ठीवर आला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यावर अजून छापलेले नाही.

ते छापावयाचे झाले, तर त्या एवढ्याशा चिठ्ठीत मावणार नाही. त्याचा आरंभ विदर्भातील पऱ्हाटीच्या रानात करावा लागेल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. तेथून कापूस सूतगिरणीत जातो. तमिळनाडूतील काही सूतगिरण्यांतून गरीब घरच्या मुलींना तीन वर्षे राबवून घ्यावयाचे आणि अखेरीस लग्नासाठी म्हणून एकरकमी पैसे द्यावयाचे, अशी एक पद्धत ‘सुमंगली’ या गोड नावाने अनेक वर्षे चालली. सूत पुढे भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर चढते. तेथे बारा तासांची पाळी अपवाद नसून रीतच आहे. मग रंगाई येते. तिरुपूरच्या रंगशाळांनी नोय्यल नदी इतकी नासविली, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला त्या बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. शेवटी शिलाई. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली; त्यांतील बहुतेक शिवणकाम करणारे कामगार होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी सर्वांनी पाहिले होते. तरीही कामावर येण्याची सक्ती झाली. स्वस्त कपड्याची किंमत कोणीतरी कोठेतरी चुकती करीत असते. दुकानातील पावतीवर तेवढी ती दिसत नाही.

स्वस्ताईचा हिशेब

यावर मध्यमवर्गीय गृहस्थाचा आक्षेप ठरलेला आहे. महिन्याच्या पगारात घरभाडे, शिकवणीचे शुल्क आणि औषधपाणी भागविताना हातमागाचे महागडे कापड परवडावे कसे? हा आक्षेप खोटा नाही. दिवाळीच्या तोंडावर तुळशीबागेत किंवा पदपथावर मुलांसाठी चार स्वस्त कपडे शोधणाऱ्या आईला नीतीचे धडे देणे हा निव्वळ उद्धटपणा होय. तिच्या घरी कपड्यांची नासाडी होतच नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा फडक्याला, असा तिचा क्रम असतो. नासाडी होते ती जेथे कपाट भरलेले असूनही ‘घालायला काही नाही’ ही तक्रार चालूच राहते, तेथे.

शिवाय स्वस्ताईचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. चारशे रुपयांचा सदरा पंचवीस वेळा घालून विटला, तर प्रत्येक खेपेला सोळा रुपये पडले. बाराशेचा सदरा दीडशे वेळा टिकला, तर आठच रुपये. हे आकडे उदाहरणादाखल असले, तरी दर किंमतीवर नव्हे, टिकण्यावर ठरतो, हे त्यांवरून ध्यानात यावे. पुण्याच्या वाड्यांतील जुन्या पिढीला हे गणित कोणी शिकविले नव्हते. शिंपी शिवणीत माया सोडीत असे, कारण मूल वाढणार हे त्याला ठाऊक होते. झिजलेली कॉलर उलटून शिवली जाई, फाटल्याचे रफू होई, जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी होई आणि उरलेसुरले बोहारणीच्या पाटीत जाऊन घरात एखादे पातेले येई. ती काटकसर होती. तिला कोणी तत्त्वज्ञान म्हणत नसे. पण एका कापडाचे आयुष्य दुप्पट झाले, की नव्या कापडासाठी लागणारे पाणी, रंग आणि श्रम तेवढ्यापुरते वाचतात. आज ज्याला पर्यावरणस्नेही राहणी म्हणतात, तिचा हा पहिला आणि सर्वांत स्वस्त पाठ आहे.

नवी खरेदी करतानाही डोळे उघडे ठेवता येतात. २००६ पासून हातमागाच्या कापडाला आणि २०१३ पासून खादीला सरकारी चिन्ह मिळू लागले. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून गळ्यात मारण्याला त्यामुळे काही आळा बसतो. मात्र ही चिन्हे कापड कसे तयार झाले ते सांगतात. विणकराच्या हाती काय पडले, ते सांगत नाहीत. ‘हिरवा’, ‘निसर्गस्नेही’ अशी कंपन्यांनी स्वतःच लावलेली बिरुदे तर आणखीच जपून वाचावीत.

एकट्याचे काम नव्हे

खरी मर्यादा येथेच आहे. एकेकट्या गिऱ्हाईकाने विवेक बाळगावा हे योग्यच. पण बाजार एकट्याच्या विवेकाला फारसा भीक घालत नाही. राणा प्लाझाच्या दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये बड्या विदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कारखान्यांच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार झाला. जगभर लोकमताचा आणि संघटनांचा दाब एकवटला, म्हणूनच तो होऊ शकला.

असा दाब पुण्यातही आणता येईल, आणि त्याचे साधन शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्याच हाती आहे. शाळांचे गणवेश दरवर्षी हजारोंच्या संख्येने शिवले जातात. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, गणेश मंडळे, ढोल-ताशा पथके यांच्यासाठी दर वर्षी नवे टी-शर्ट छापले जातात आणि उत्सव सरला की त्यांतील बरेच कपाटाच्या तळाशी जातात. हा ठोक गिऱ्हाईकांचा व्यवहार आहे. आणि ठोक गिऱ्हाईकाचे म्हणणे व्यापारी ऐकतो. निविदेत भावाबरोबर दोनच ओळी वाढवाव्यात: कपडा कोठे शिवला जाणार आणि शिवणाऱ्याला किमान वेतन मिळते याचा पुरावा काय? पालक-शिक्षक संघाच्या एका बैठकीत एवढा ठराव होऊ शकतो. आणि पथकाने गेल्या वर्षीचाच टी-शर्ट पुन्हा घालावयाचे ठरविले, तर ढोलाचा आवाज काही कमी होत नाही.

अर्थात कामाचे तास, वेतन आणि नदीचे पाणी यांचे रक्षण अखेर कायद्यानेच व्हावयाचे आहे. लोखंड्यांनी सह्या गोळा केल्या त्या गिऱ्हाइकांच्या नव्हेत, कामगारांच्या, आणि दाद मागितली ती सरकारकडे. खरेदीदाराचा विवेक कायद्याची जागा घेऊ शकत नाही. तो फार तर कायद्याची मागणी करणारा एक आवाज वाढवू शकतो. पण तो आवाज आज फार क्षीण आहे.

१९०५ च्या पिढीने अंगावरचे कपडे अग्नीत टाकले. आज काहीही जाळावयाचे नाही. उलट जे आहे ते जपावयाचे आहे. तिने विचारलेल्या प्रश्नापुढे तिचाच राहून गेलेला दुसरा प्रश्न जोडावयाचा आहे. कापड कोणत्या देशाचे, हे आता चिठ्ठी सांगते. ते कोणाच्या श्रमाचे, आणि त्या श्रमाचे मोल झाले काय, हे मात्र गिऱ्हाइकालाच विचारावे लागेल.