बेमुदत रजेवरील गायिका

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात गायकाने गप्प बसणे हा जवळजवळ दखलपात्र गुन्हा समजला जातो. किती मुदतीत किती तबकड्या द्यावयाच्या याची कलमे करारनाम्यातच घातलेली असतात, मुदत टळली की तगादे सुरू होतात, आणि तगाद्यांनाही दाद न देणाऱ्या कलावंताविषयी आधी अफवा उठतात व मग त्याचे नावच लोकांच्या जिभेवरून उतरते. ही वहिवाट मोडून सहीसलामत राहिलेली माणसे थोडी. त्या थोड्यांतही, दहा वर्षांत एकही नवा संग्रह न काढता २०१० च्या फेब्रुवारीत ‘सोल्जर ऑफ लव्ह’ घेऊन निवांतपणे रुजू झालेली, आणि रुजू होताच एकट्या अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ५,०२,००० प्रती खपवणारी शादे ही गायिका मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

चरित्राचा भाग येथे घाईनेच उरकतो, कारण तो कोणत्याही कोशात मिळेल. हेलन फोलाशादे अडू हे तिचे पूर्ण नाव; जन्म १६ जानेवारी १९५९ चा, नायजेरियातील इबादानचा; वडील अर्थशास्त्राचे अध्यापक, आई इंग्रज परिचारिका. आईवडील विभक्त झाल्यावर चार वर्षांची ही मुलगी आईबरोबर इंग्लंडात एसेक्स परगण्यात आली, लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत वेशरचना शिकली, काही काळ पुरुषांचे कपडे बेतले, आणि ‘प्राइड’ नावाच्या वाद्यवृंदात मागे उभी राहून साथ करता करता पुढे आली. १९८४ चा ‘डायमंड लाइफ’, १९८५ चा ‘प्रॉमिस’, १९८८ चा ‘स्ट्राँगर दॅन प्राइड’, १९९२ चा ‘लव्ह डिलक्स’, २००० चा ‘लव्हर्स रॉक’ आणि आपला हा २०१० चा, अशी एकूण सहा संग्रहांची तिची मिळकत. मधली अंतरे मांडून पाहिली तर एक, तीन, चार, आठ आणि दहा वर्षे अशी भरतात.

माझी तिची ओळख मुंबईत काळा घोड्यावरच्या ऱ्हिदम हाउसमध्ये झाली. २०१६ साली बंद झालेल्या त्या दुकानात, विकत घेण्यापूर्वी ऐकून पाहण्यासाठी बूथ असत, आणि विद्यार्थिदशेत नुसते ऐकून निर्लज्जपणे बाहेर पडण्याची विद्या आम्हा काही मित्रांना चांगलीच अवगत झाली होती. ‘स्मूद ऑपरेटर’ त्या काळी सर्वतोमुखी होते. पण मला त्या गाण्यातल्या दिमाखापेक्षा गाणाऱ्या कंठाचा संकोच अधिक मोहक वाटला. अमेरिकन सोल संगीत चर्चमधील प्रार्थनेच्या पोटी जन्मले. आर्जवाने आरंभ करून आक्रोशाप्रत जाण्याची, एकाच अक्षराला अनेक स्वरांतून फिरवून आणण्याची त्याची परंपरा आहे, आणि अरीथा फ्रँकलिनने ती परंपरा अशा उंचीवर नेली की मागाहून आलेल्या निम्म्या गायिका त्याच शिखरावर चढताना धापा टाकीत राहिल्या. शादेने तो रस्ताच धरला नाही. कर्टिस मेफिल्ड, डॉनी हॅथवे, बिल विदर्स यांच्यावर पोसलेली ही मुलगी मंद्राच्या आसपासच्या मोजक्या स्वरांत वावरत होती, शब्द सरळ ठेवीत होती, आणि तालाच्या किंचित मागे रेंगाळत होती. तिची सगळी गाणी एकसारखी वाटतात अशी तक्रार करणारे समीक्षक तेव्हाही होते व आजही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. एकच राग आयुष्यभर आळवणाऱ्या गवयाचेही त्यांना काही समजले नसते.

बिल विदर्सचे नाव निघालेच आहे तर थोडे विषयांतर करतो. विमानातील शौचालयांच्या आसनांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस तिशी गाठल्यावर गाऊ लागला, अवघ्या जगाच्या ओठांवर बसणारी गाणी त्याने दिली, आणि कंपनीतल्या मुनीमांच्या सूचनांना विटून १९८५ च्या संग्रहानंतर त्याने ध्वनिमुद्रणाला जो रामराम ठोकला तो कायमचा. २०२० साली निवर्तला तोवर एकही नवा संग्रह त्याने काढला नाही. अल ग्रीनने धर्मोपदेशकाची वस्त्रे चढवली, सोलकडे पाठ फिरवली, आणि विली मिचेल या आपल्या जुन्या सूत्रधाराबरोबर पूर्वीचा तो मखमली ध्वनी पुन्हा उभा केला तो २००३ साली. डिअँजेलोने २००० नंतर चौदा वर्षे श्रोत्यांना तिष्ठत ठेवले. मराठी वाचकाला या प्रकरणात कुमार गंधर्वांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु देवासचे ते मौन क्षयाने लादलेले होते. शादेच्या मौनाला कोणताही वैद्यकीय दाखला नव्हता. १९९६ साली झालेले अपत्य वाढवणे, ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडजवळ एक मोडकळीस आलेले दगडी घर घेऊन ते दुरुस्त करणे, ही तिची कारणे. आणि सांगण्यासारखे काही असल्याखेरीज आपण संग्रह काढीत नाही, ही तिने त्या वेळी दिलेली कैफियत. वृत्तपत्रांना ती अपुरी वाटली व त्यांनी तिला गूढ ठरवून टाकले. मला त्यात गूढ काहीच दिसत नाही. उलट, सांगण्यासारखे काही नसताना दर दोन वर्षांनी बोलणाऱ्यांचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

मात्र या कैफियतीत एक गोष्ट अध्याहृत आहे आणि बहुतेकांचे तिच्याकडे लक्ष जात नाही. शादे हे जसे एका स्त्रीचे नाव तसे ते चौघांच्या वाद्यवृंदाचेही नाव आहे. सॅक्सोफोन व गिटार वाजवणारा स्टुअर्ट मॅथ्यूमन आणि बास वाजवणारा पॉल डेनमन हे दोघे हल या बंदराच्या गावचे, आणि कळवाद्यांवर अँड्र्यू हेल. आरंभीच्या दिवसांत कंपन्यांना हवी होती ती एकटी देखणी गायिका. तिने एकटीने सही करण्यास साफ नकार दिला आणि सोबत्यांसह एपिकचा करार पदरात पाडून घेतला. तो हट्ट नसता तर पुढल्या कोणत्याही पुनरागमनाचा प्रश्नच उद्भवला नसता अशी माझी ठाम समजूत आहे. तिच्या मौनाच्या काळात ही मंडळी काही हात बांधून बसली नव्हती. नव्वदीतल्या मोठ्या खंडात तिघांनी ‘स्वीटबॅक’ नावाने वेगळी चूल मांडली, मॅथ्यूमनने मॅक्सवेल या तरुण गायकाच्या पहिल्या संग्रहाला हातभार लावला. आणि २००० चा ‘लव्हर्स रॉक’ घेऊन चौघे परतली तेव्हा सॅक्सोफोन, म्हणजे ज्या वाद्याने त्यांची ओळख जगाला पटली होती तेच वाद्य, त्यांनी बेलाशक खुंटीला टांगले होते. त्या संग्रहाचे नाव लंडनमधील कॅरिबियन वस्तीत सत्तरीच्या दशकात रुजलेल्या हळुवार, प्रेमगीतप्रधान रेगेवरून घेतलेले. डेनिस बोव्हेलसारखे संयोजक आणि जेनेट केसारख्या कोवळ्या आवाजाच्या मुली यांनी तो प्रकार घडवला, आणि इंग्लंडच्या संगीतेतिहासात त्याला अद्याप योग्य ते पान मिळालेले नाही. पण त्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

२००१ चा दौरा आटोपल्यावर चौघे जी पांगली ती एकत्र आली २००८ मध्ये. डेनमन लॉस एंजेलिसला राहून मुलाच्या पंक वाद्यवृंदाचा कारभार पाहत होता, मॅथ्यूमन न्यूयॉर्कात चित्रपटांना संगीत देत होता, हेल लंडनला ध्वनिमुद्रण कंपनीचा सल्लागार होता. आपल्याला हे काम अजून करावयाचे आहे काय, आणि आपली मैत्री शाबूत आहे काय, हाच आरंभी सर्वांपुढचा सवाल होता, असे हेलने पुढे सांगितले आहे. भेटीचे ठिकाण मुक्रर झाले ते पीटर गॅब्रिएलचे रिअल वर्ल्ड स्टुडिओ, विल्टशर परगण्यातल्या बॉक्स नावाच्या खेड्यातले.

हे बॉक्स मी जाऊन पाहिले आहे, आणि खरे सांगावयाचे तर गेलो होतो तो निम्मा शादेसाठी व निम्मा ब्रुनेलसाठी, कारण रेल्वेचा इतिहास हे माझे दुसरे व्यसन. बाथच्या पूर्वेस काही मैलांवर, बाय ब्रुक नावाच्या ओढ्याच्या काठी हे गाव वसले आहे. बाथच्या मशहूर पिवळसर दगडाच्या खाणी या टेकडीत आहेत, आणि तीच टेकडी आरपार कोरून इसंबार्ड किंग्डम ब्रुनेलने सुमारे तीन किलोमीटरचा बोगदा काढला. १८४१ साली तो वाहतुकीस खुला झाला, म्हणजे आपल्या बोरघाटाहून वीसेक वर्षे आधी. त्या कामात शंभराच्या आसपास मजूर दगावले. ब्रुनेलच्या वाढदिवशी, ९ एप्रिलला, उगवत्या सूर्याचा किरण बोगद्याच्या एका तोंडातून शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो अशी आख्यायिका आहे आणि तिच्या खरेखोटेपणाविषयी मोठमोठे अभियंते हिरिरीने भांडत आले आहेत. स्टुडिओ आहे तो ओढ्याकाठच्या जुन्या पाणचक्कीत. खाजगी कामाची जागा म्हणून आत जाण्याचा प्रयत्न मी केला नाही, रस्त्यावरूनच पाहिले. आगगाड्या शेजारून सुसाट जातात, आणि ध्वनिमुद्रणासाठी अशी जागा निवडणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक वाटते. पण पाणी खेळत असलेल्या या चक्कीतच जगभरचे गवई येऊन गाऊन गेले आहेत, आणि नुसरत फतेह अली खाँ यांचा ‘मस्त मस्त’ हा पूर्व-पश्चिमेची सांगड घालणारा संग्रह १९९० साली याच संस्थेने जगापुढे आणला, हे ठाऊक असल्यावर त्या ओलसर दगडी भिंतींकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

येथे ही चार माणसे पंधरवड्या-पंधरवड्याच्या मुक्कामांनी काम करीत राहिली, आणि २००९ च्या उन्हाळ्यात संग्रह पुरा झाला. दहा गाणी, बेचाळीस मिनिटांच्या आसपासचा ऐवज. शीर्षकगीत त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओवरून प्रसृत झाले तेव्हा जुन्या श्रोत्यांची जी तारांबळ उडाली ती आठवून मला अजून हसू येते. दिवाणखान्यात मंद प्रकाशात ऐकण्याचे संगीत अशी जिची ख्याती, तिच्या गाण्याचा कणा आता सैनिकी संचलनाचा होता: पोलीस बँडात वाजतो तसा कडक ड्रम, मधूनच गिटारचे तुटक, दातेरी फटकारे, आणि या सर्व धामधुमीवर तो पूर्वीचाच, यत्किंचितही न चढलेला आवाज. खरी कमाल येथे आहे. पुनरागमन करणारा गायक बहुधा आपण अद्याप तरुण आहोत हे सिद्ध करण्यासाठी गळ्याला राबवतो. शादेने गळ्याला हात लावला नाही, गळ्याखालची जमीन बदलली. प्रेमात घायाळ होऊनही आघाडी न सोडणाऱ्या शिपायाची ती उक्ती आहे, आणि एवढ्या रणवाद्यांत शिपाई ओरडत नाही म्हणूनच त्याच्या जखमा खऱ्या वाटतात. एक्कावन्नाव्या वर्षी तिच्या स्वराला एक बारीक कोरडेपणा आला होता. तो झाकण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही, याबद्दल सहनिर्माता माइक पेला याचेही आभार मानावयास हवेत. दृश्यफीत सोफी म्युलरची. पूर्वी ‘नो ऑर्डिनरी लव्ह’मध्ये तिनेच शादेला मत्स्यकन्या केले होते.

उरलेली गाणी इतकी धाडसी नाहीत, तशी असण्याचे कारणही नाही. ‘मॉर्निंग बर्ड’मध्ये पियानो व तंतुवाद्ये शोकगृहात बोलावे तशी हलक्या आवाजात बोलतात. ‘बेबीफादर’ला रेगेचा हलका झोका आहे आणि त्यात शादेच्या व मॅथ्यूमनच्या मुलांचे आवाज साथीला आहेत, दहा वर्षे कोठे गेली याचा याहून पक्का दाखला कोणता असावा! ‘बी दॅट ईझी’त अमेरिकेच्या ग्रामीण संगीताची चाहूल लागते. मला वैयक्तिकरीत्या ‘ब्रिंग मी होम’ तितकेसे मानवले नाही. सूर सुरेख आहे, पण ताल यंत्रवत फिरत राहतो. या सर्वांत मी पुन्हा पुन्हा परततो तो डेनमनच्या बासकडे. हा गृहस्थ स्वर किती कमी लावतो, आणि लावलेला स्वर किती वेळ धरून ठेवतो! गायिका तालाच्या मागे रेंगाळू शकते ती याच्या भरवशावर. तो जागचा हलला तर तिचे गाणे तत्क्षणी ढासळेल. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांतच असा बंदोबस्त शक्य असतो, भाडोत्री वादकांकडून तो होत नाही.

बाजाराचा हिशेब द्यावयाचा तर अमेरिकेत संग्रह तीन आठवडे अग्रस्थानी राहिला. हे स्थान तिला तेथे यापूर्वी केवळ ‘प्रॉमिस’ने, १९८६ साली, मिळवून दिले होते. मायदेशी, इंग्लंडात, तो चौथ्या क्रमांकापर्यंतच पोचला. आपल्या लेकीचे कौतुक इंग्रजांपेक्षा अमेरिकनांनी, त्यातही कृष्णवर्णीय अमेरिकनांनी, नेहमीच अधिक आस्थेने केले आहे. २०११ साली शीर्षकगीताला ग्रॅमी मिळाले, फ्रान्समधील नीस येथून जागतिक दौरा निघाला, आणि तो आटोपल्यावर चौघे पुन्हा आपापल्या गावी पांगली. त्यानंतर २०१८ साली दोन चित्रपटांसाठी एकेक गीत, २०२४ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या समर्थनार्थ निघालेल्या एका संकलनात एक गीत, एवढीच आमदनी, संग्रह नाही. वर मांडलेल्या अंतरांच्या मालिकेतला नवा आकडा दहाच्या पुढे कधीच निघून गेला आहे.

ज्यांनी हा संग्रह अद्याप ऐकलेला नाही त्यांनी शीर्षकगीतापासून आरंभ करू नये. त्या ड्रमच्या गडगडाटाने पुढल्या नाजूक कारागिरीला कान बधिर होतात. प्रथम ‘बी दॅट ईझी’ ऐकावे, मग ‘मॉर्निंग बर्ड’, आणि त्यानंतर मूळ क्रमाने सर्व. आणि कृपा करून हे सारे चांगल्या स्पीकरवर ऐकावे, कारण भ्रमणध्वनीच्या इवल्याशा कर्ण्यातून डेनमन मुळी ऐकूच येत नाही.