मानेच्या मणक्यातील दोष : ओळख आणि दक्षता

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील उर्से हे गाव भातशेतीच्या प्रदेशात वसलेले असून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील तेथील पथकर नाका प्रवाशांच्या परिचयाचा आहे. शेतातील भारा डोक्यावरून वाहणे काय किंवा वेगवान वाहनात बसलेला आकस्मिक हिसका काय, दोहोंचा ताण मानेवर येतो. निरोगी मान तो बऱ्याच अंशी सोसते. मणक्यात जन्मजात दोष असल्यास मात्र तोच ताण घातक ठरण्याचा संभव असतो.

मानेची रचना

मानेत सात मणके असतात. पहिला मणका कड्यासारखा असून त्यावर डोके तोललेले असते. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका या कड्यात शिरतो व एक बळकट अस्थिबंध त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. मान डावी-उजवीकडे वळते त्यापैकी सुमारे निम्मी हालचाल याच सांध्यात होते. सुळक्याच्या लगत मागून मज्जारज्जू खाली उतरतो.

दोषाचे स्वरूप

काही बालकांचे दोन वा अधिक मणके जन्मतःच जुळलेले असतात. फ्रान्समधील क्लिपेल व फील या डॉक्टरांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आखूड मान, मानेवर खाली उतरलेली केसांची रेषा व मर्यादित हालचाल ही त्याची लक्षणे होत. परंतु तिन्ही लक्षणे निम्म्याहून कमी रुग्णांत एकत्र आढळतात. काहींचा सुळका अपुरा वाढलेला किंवा मणक्यापासून सुटा असतो. असे दोष अनेकदा वर्षानुवर्षे त्रास देत नाहीत आणि अन्य कारणाने काढलेल्या क्ष-किरण चित्रात प्रथमच दिसतात.

खरा धोका सांधा अस्थिर होऊन मज्जारज्जू दाबला जाण्यात आहे. हातापायांत मुंग्या येणे, सदऱ्याची गुंडी लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे ही त्याची चिन्हे होत. ती दिसताच तज्ज्ञांकडे जाणे अगत्याचे आहे.

उपचार

सांधा स्थिर असल्यास नियमित तपासणी व तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम बहुधा पुरेसे ठरतात. अस्थिर सांध्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान मोलाचे आहे. मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोएल व डॉ. लाहेरी यांनी पहिले दोन मणके पट्टी व स्क्रूने जोडण्याची पद्धती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीतील डॉ. हार्म्स यांनी २००१ मध्ये तिचे सुधारित रूप मांडले. आज ही पद्धती जगभर वापरली जाते.

गावपातळीवरील दक्षता

शाळेत एखादे मूल मान सतत वाकडी ठेवत असेल किंवा वळताना सारे अंग फिरवत असेल, तर शिक्षकांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाच्या ते निदर्शनास आणावे. निदान होईपर्यंत अशा मुलास कोलांटउडी, कुस्ती व डोक्यावरील ओझे यांपासून दूर ठेवावे. केशकर्तनालयात मान मोडून घेण्याची सवय दोष असणाऱ्यास अपंगत्व आणू शकते. ग्रामसभेत याची जाणीव करून द्यावी.

अपघातग्रस्तास हात धरून ओढू नये. आग वा वाहतुकीचा तत्काळ धोका नसल्यास त्यास हलवू नये. डोके व मान एका रेषेत स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मज्जारज्जूची हानी बहुधा पूर्णपणे भरून येत नाही. म्हणूनच ती होण्यापूर्वी घेतलेली काळजी मोलाची ठरते.