पहिलटकरणीची धाकधूक

पहिल्यानेंच दिवस राहिले म्हणजे घरांत आनंद होतो आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ काळजीही येते. ओटीपोटांत जराशी कळ आली कीं पहिलटकरीण दचकते. मळमळ फार होऊं लागली तर ती घाबरते, आणि एखाद्या सकाळीं मळमळ मुळींच झाली नाहीं तर त्याहूनही अधिक घाबरते. बरें, हें बोलावें कोणाशीं? सासूबाईंशीं बोलायला संकोच वाटतो, आई दूरगांवीं असते आणि यजमान बिचारे स्वतःच गोंधळलेले असतात. तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर कोणाला सांगूं नये, ही तर आपल्याकडील पूर्वापार रीत. मग सारें घर निजल्यावर ती मोबाईल उघडते आणि एकेका लक्षणाचा अर्थ शोधीत बसते. तेथें दहा उत्तरें मिळतात. त्यांपैकीं नऊ धीर देणारीं असलीं तरी मनांत रुतून बसतें तें दहावें. अशा भगिनींसाठीं आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठीं आजचें हें भाषण आहे.

प्रथम शरीरांत काय चाललेलें असतें तें पाहूं. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणून सहावा आठवडा म्हटलें तरी प्रत्यक्ष गर्भ राहून सुमारें चारच आठवडे झालेले असतात. ज्या पेशींपासून पुढें वार तयार व्हावयाची असते, त्या पेशी 'एचसीजी' नांवाचें संप्रेरक निर्माण करूं लागतात. घरच्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच संप्रेरकामुळें. पहिल्या कांहीं आठवड्यांत त्याचें प्रमाण साधारणतः दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातें, आणि आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोंचून पुढें उतरूं लागतें. दुसरें संप्रेरक प्रोजेस्टेरॉन. तें गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतें. परंतु त्याबरोबर आंतड्याचे स्नायूही सैलावतात. त्यामुळें पोट फुगतें, शौचास साफ होत नाहीं आणि भर दुपारीं डोळे मिटूं लागतात. गर्भाशय वाढूं लागला म्हणजे त्याला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, आणि पाळीच्या वेळेसारखी बारीक कळ येऊन जाते. स्तन दुखरे होणें, लघवीला वारंवार जावें लागणें, फोडणीच्या वासाचा तिटकारा येणें, हीं सारीं याच घडामोडींचीं बाह्य चिन्हें होत.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण बरीचशी काळजी त्यांतूनच उपजते. लक्षणें हा गर्भाची प्रकृति मोजण्याचा तराजू नव्हे. दहा गर्भवतींपैकीं सात-आठजणींना मळमळ होते. उरलेल्या दोघी-तिघींना होत नाहीं, आणि त्यांचीं मुलेंही सुखरूप जन्माला येतात. डिसेंबर २०२३ मध्यें 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें या विषयावर चांगला प्रकाश पडला आहे. गर्भ व वार यांपासून 'जीडीएफ १५' नांवाचें संप्रेरक आईच्या रक्तांत येतें. गर्भ राहण्यापूर्वीं जिच्या रक्तांत तें कमी असतें, तिला त्याची एकाएकीं झालेली वाढ सोसत नाहीं. जिच्या शरीराला त्याची आधींपासून संवय असते, तिला त्रास कमी होतो. अर्थात् मळमळीचें कमीजास्तपण बऱ्याच अंशीं आईच्या शरीराच्या पूर्वस्थितीवर अवलंबून असतें. शेजारणीला दोन महिने अन्नाचा वास सोसवला नाहीं आणि आपण मात्र पोळीभाजी जेवतों, यावरून गर्भाविषयीं कांहींच अनुमान काढतां येत नाहीं.

तीच गोष्ट दिवसादिवसांतील फरकाची. लक्षणें आज तीव्र तर उद्यां सौम्य असतात. चाचणीची पट्टी पुन्हां पुन्हां भिजवून रेघ गडद आहे कीं फिकट हें पाहत बसण्यांतही अर्थ नाहीं. सकाळची लघवी दाट आणि दुपारची पातळ, एवढ्यानेंही त्या रेघेंत फरक पडतो. बहुतेकींची मळमळ नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत अधिक असते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यांत ओसरते. तें ओसरणें ठरलेलेंच आहे. त्यानें भिण्याचें कारण नाहीं.

आतां ज्या भीतीचें नांव कोणी घेत नाहीं, तिच्याविषयीं बोलूं. कळून आलेल्या गर्भधारणांपैकीं शंभरांत सुमारें दहा ते वीस टिकत नाहींत, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच संपतात. हा आंकडा लपविण्यांत हंशील नाहीं, कारण पहिलटकरणीला तो कोठें ना कोठें सांपडतोच. पण तो पुरा ऐकावा. ऐंशी ते नव्वद गर्भ टिकतात, आणि सोनोग्राफींत हृदयाचे ठोके एकदां दिसले कीं धोका आणखी पुष्कळ कमी होतो. जे लवकर पडतात, त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या आरंभापासूनच चुकलेली असते. जिना चढल्यानें, कचेरींत गेल्यानें, पाण्याची बादली उचलल्यानें, पिकलेल्या पपईची एखादी फोड खाल्ल्यानें किंवा घरांत खटका उडाल्यानें गर्भ पडत नाहीं. रोजच्या काळजीनेंही पडत नाहीं. ज्या भगिनीला हें दुःख भोगावें लागलें असेल, तिनें आपलें काय चुकलें हा प्रश्न स्वतःला विचारूं नये, आणि इतरांनीं तर तो मुळींच विचारूं नये.

तर मग पहिलटकरणीनें करावें काय? एक कागद घेऊन त्याचे तीन भाग करावे. पहिल्या भागांत, जीं चिन्हें दिसतांच तत्काळ रुग्णालय गांठावें तीं लिहावीं: तासाभरांत पॅड पूर्ण भिजावें इतका रक्तस्राव, ओटीपोटांत, विशेषतः एका बाजूला, असह्य वेदना, खांद्याच्या टोकाशीं दुखणें, घेरी येऊन पडणें. गर्भ कधीं कधीं गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहक नळींत रुजतो. शंभरांत एखाद-दोन वेळांच असें घडतें, पण तें जिवावर बेतूं शकतें. अशा वेळीं सकाळ होण्याची वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

दुसऱ्या भागांत, ज्या गोष्टी त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवाव्या त्या लिहाव्या: थोडेंसें रक्त दिसणें, ताप, लघवीच्या वेळीं जळजळ, आणि दिवसभर पाणीही पोटांत न ठरणें. सुमारें चौघींपैकीं एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडेंफार रक्त दिसतें, व त्यांतील बहुतेकींचे दिवस पुढें नीट जातात. तथापि त्याचा निर्णय घरीं करूं नये. तो डॉक्टरांनीं करावा.

तिसऱ्या भागांत बाकीचें सर्व: येऊन जाणारी बारीक कळ, मळमळ, थकवा, उतरलेली भूक, भलभलतीं स्वप्नें. हें दिनांक घालून लिहावें आणि पुढच्या भेटींत विचारावें. मध्यरात्रीं भीति वाटली तर मोबाईलऐवजीं हा कागद उघडावा आणि आजचें लक्षण कोणत्या भागांत बसतें एवढेंच पाहावें.

कांहीं साध्या गोष्टीही उपयोगी पडतात. अंथरुणांतून उठण्यापूर्वीं चार कुरमुरे किंवा एखादें कोरडें बिस्किट खावें. पोट रिकामें ठेवूं नये. थोडें थोडें पण वारंवार खावें. आल्याचा तुकडा चघळावा. फोलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी पहिल्या तीन महिन्यांत रोज घ्यावयाची असते. ती व इतर औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. त्रास नसतांना सोनोग्राफीची फार घाई करूं नये. पांचव्या आठवड्यांत बहुधा नुसती गर्भपिशवी दिसते, आणि पुढचे पंधरा दिवस उगीच घोर लागतो. सातव्या-आठव्या आठवड्यांत ठोके स्पष्ट दिसण्याचा संभव अधिक असतो.

काळजी मनांतून हांकलूं म्हटल्यानें जात नाहीं. तिला सायंकाळीं पंधरा मिनिटें नेमून द्यावीं, आणि तेवढ्या वेळांत विश्वासाच्या एका माणसाशीं सारें बोलून टाकावें. बातमी गांवभर करूं नये हें ठीक. पण तीन महिन्यांची रीत पाळतांना त्या मुलीला एकटी पाडूं नये. दोन आठवडे झोप व जेवण यांवर परिणाम होईल इतकी भीति राहिली, तर तीही डॉक्टरांस सांगण्याजोगी गोष्ट आहे. २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्यसेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

शेवटीं घरच्या मंडळींना दोन शब्द. "काळजी करूं नकोस, बाळाला लागेल," असें सांगून कोणाचीही काळजी कमी झाली नाहीं. आपण काळजी करतों याचीच दुसरी काळजी तिला लागते. सासूबाईंनीं आपल्या पहिल्या खेपेस आपल्यालाही कशी भीति वाटली होती तें एकदां तिला सांगावें. यजमानांनीं डॉक्टरांकडे बरोबर जावें, तो कागद स्वतःही वाचून ठेवावा, आणि रात्रीं तिनें हांक मारली तर 'कांहीं नाहीं, झोप' असें न म्हणतां उठून बसावें.