ताकदीच्या गोळ्या : म्हातारपणी कुणाला लागतात, कुणाला नाही?

औंध, वडूज या पट्ट्यात ज्येष्ठांच्या घरी काम करताना आम्हाला फळीवर काही वस्तू हमखास दिसतात. कॅल्शियमची बाटली, प्रोटीन पावडरचा डबा, गुडघ्यांसाठी आणलेल्या कॅप्सूल, नाहीतर मुंबई-पुण्याहून मुलाने पाठवलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या. त्यातल्या काही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात, काही मेडिकलवाल्याने दिलेल्या, तर काही ओळखीतल्या माणसाने घरी येऊन विकलेल्या. कशासाठी घेता, असे विचारले की उत्तर एकच मिळते : "ताकदीच्या आहेत."

या गोळ्या सरसकट वाईट नाहीत आणि सरसकट चांगल्याही नाहीत. कुणाला त्यांची खरी गरज असते, कुणाचा नुसता पैसा जातो आणि काही जणांना त्यांचा अपायही होतो. आपण नेमके यातले कोण, हे ओळखता आले पाहिजे.

औषध वेगळे, पूरक वेगळे

बाजारात 'हेल्थ सप्लिमेंट' म्हणून मिळणारी वस्तू कायद्याच्या नजरेत अन्न आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली त्यासाठी स्वतंत्र नियम केले. औषध बाजारात येण्याआधी ते आजारावर काम करते हे सिद्ध करावे लागते, पूरकाला ती परीक्षा नसते. म्हणूनच डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत असते. आपल्या आजी-आजोबांपर्यंत ती पोहोचतच नाही, पोहोचते ती विकणाऱ्याची जाहिरात.

खरी गरज कुणाला?

पहिले नाव बी-१२ जीवनसत्त्वाचे. वय वाढते तशी जठराची ते अन्नातून शोषून घेण्याची क्षमता कमी होते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांत ही कमतरता जास्त दिसते. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, सततचा थकवा ही तिची लक्षणे आहेत. घरचे म्हणतात, "वय झालं आता." पण कमतरता फार काळ राहिली तर नसांचे नुकसान कायमचे होऊ शकते. रक्ताची तपासणी करून वेळेवर गोळी किंवा इंजेक्शन सुरू केले तर फरक पडतो. बी-१२ न तपासता नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी आत चालूच राहते.

दुसरे नाव 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचे. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेले, त्यावर औषधे चालू असलेले, अंथरुणाला खिळलेले किंवा घराबाहेर न पडणारे ज्येष्ठ यांना डॉक्टर ती देतात आणि ती घ्यावीत.

तिसरे लोह. रक्त कमी आहे म्हटले की लोहाची बाटली आणली जाते. म्हातारपणी रक्त कमी होण्यामागे मूळव्याध, जठरातला व्रण किंवा आतड्याचा कर्करोगही असू शकतो. रक्त कुठे जाते आहे हे न शोधता लोह घेत राहिले तर अशक्तपणा झाकला जातो आणि आजार वाढत राहतो.

वजन झपाट्याने उतरलेल्या, दात नसल्याने नीट जेवू न शकणाऱ्या माणसाला काही काळ प्रथिनांची पूड उपयोगी पडते. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काही पुडींत साखरही बरीच असते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी डब्यावरचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

बाकीच्यांना काय मिळते?

कमतरता नसताना "घेतलेली बरी" म्हणून गोळी घेतली तर काय होते, यावर जगात मोठे अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या २५,८७१ स्त्री-पुरुषांवर 'ड' जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलातील ओमेगा-३ यांचा अभ्यास झाला. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण किंवा हृदयविकार-पक्षाघाताचे एकूण प्रमाण यांपैकी काहीच कमी झालेले आढळले नाही. २०२२ साली त्याच अभ्यासाचा पुढचा भाग आला. सर्वसाधारण लोकांत 'ड' जीवनसत्त्वाने हाडे मोडणेही कमी झाले नव्हते.

गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या महागड्या कॅप्सूल घेतल्या जातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १,५८३ रुग्ण होते. एकूण पाहता या कॅप्सूलचा गुण औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा ठळकपणे जास्त दिसला नाही.

अपाय कसा होतो?

"व्हिटॅमिनच तर आहे, काय होणार?" हा आम्हाला नेहमी ऐकू येणारा प्रश्न. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर अभ्यास झाला. १९९४ साली त्याचा निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. गाजरात असते तेच हे द्रव्य. ताटातून येते तेव्हा ते अन्न असते, गोळीतून मोठ्या मात्रेत रोज येते तेव्हा त्याचा परिणाम बदलतो.

आपल्याकडे रोज दिसणारे धोके असे आहेत :

- 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तातले कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत ते जाऊ शकते.
- कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत मुतखड्याचे प्रमाण १७ टक्के जास्त आढळले. ३६,२८२ अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासातला हा २००६ सालचा निष्कर्ष आहे.
- थायरॉइडच्या गोळीसोबत कॅल्शियम किंवा लोह घेतले तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे.
- रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर माशाचे तेल आणि 'ई' जीवनसत्त्व रक्तस्राव वाढवू शकतात. याउलट, वॉरफरिनसारख्या औषधाचा गुण 'के' जीवनसत्त्वाने कमी होतो.
- टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत पोटॅशियमचे पूरक किंवा पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियम'चे मीठ घेतले तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.
- लेबल नसलेल्या पुड्या सर्वांत धोक्याच्या. सांधेदुखीच्या अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत गुण येतो, पण पुढे साखर वाढते आणि हाडे आणखी ठिसूळ होतात.

पेन्शन कुठे जाते?

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यातून एक डबा आणि एक बाटली घेतली की किराण्याला फारसे उरत नाही. आमच्या मते हा प्रश्न आरोग्याइतकाच सामाजिक आहे. वस्तीतलाच, नात्यातला तरुण बेरोजगारीला कंटाळून साखळी विक्रीत शिरतो, पहिली गिऱ्हाइके म्हणून आत्या, मावशी, आजी गाठतो. विहारातल्या कार्यक्रमानंतरही ही विक्री चालते. नाही म्हणणे जड जाते, कारण समोर आपलाच पोर असतो. त्या पोराला दोष देऊन भागणार नाही. नफा वर जातो आणि उरलेला माल त्याच्या गळ्यात पडतो.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. थेट विक्रीसाठी २०२१ साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम झाले, त्यांत माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे. मधुमेहासारखे आजार बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ताटातली ताकद

बी-१२ नैसर्गिकरीत्या मिळते ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच. सुकट, बोंबील, अंडी, वजडी हे आपल्या घरांतले जुने अन्न. या खाण्याला पिढ्यान्‌पिढ्या हलके ठरवले गेले. आता शिकली-सवरलेली मुलेच आजीला "हे खाऊ नको, त्यापेक्षा ही पावडर घे" म्हणतात. स्वस्त आणि ओळखीचे अन्न लाज वाटून ताटातून जाते आणि त्यातलेच द्रव्य दामदुप्पट भावाने डब्यातून परत येते. ज्यांना चालते त्यांनी अंडे, मासळी बिनदिक्कत खावी. रक्तदाब असेल तर सुकी मासळी चांगली धुऊन, बेताने खावी. जे शाकाहारी आहेत त्यांनी दूध-ताक घ्यावे आणि बी-१२ तपासून घ्यावे.

खटाव-माणच्या दुष्काळी मातीत पिकणारा हुलगा, मटकी, शेंगदाणा यांत भरपूर प्रथिने आहेत. दात नसतील तर हुलग्याचे माडगे आहेच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे १,००० मिलिग्रॅम धरली जाते.

नुसते खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम लागते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यावर पुस्तके लिहिली. राजाच्या ताटात दूध-तूप होते. आपल्या आजीने मात्र १९७२ च्या दुष्काळात अर्धपोटी खडी फोडली, त्यामुळे तिच्या गुडघ्यांना सूर्यनमस्कार झेपणार नाहीत. पण आधार धरून खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, सकाळ-संध्याकाळ थोडे चालणे, हातापायांना ऊन देणे तिला जमते. पडणे टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

घरातल्या मुला-सुनांसाठी

१. सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.

२. प्रत्येकीबद्दल तीन प्रश्न विचारा : कोणत्या तपासणीवरून द्यायची? किती दिवस? चालू औषधांशी जमते का?

३. लेबल, मुदत आणि चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक किंवा औषध परवाना नसेल तर घेऊ नका.

४. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मनाने बंद करू नका. जनऔषधी केंद्रात ती कमी किमतीत मिळते का, ते पाहा.

५. कारण नसताना वजन उतरत असेल, रक्त कमी असेल, विसरभोळेपणा वाढत असेल तर ताकदीची गोळी देण्याआधी तपासणी करा.

पिशवी दवाखान्यात न्यायला अर्धा दिवस जातो आणि एक रोजगार बुडतो, हे आम्हाला माहीत आहे. पण ज्या डब्यावर दर महिन्याला हजार रुपये जातात, त्याची गरज आहे की नाही हे त्या अर्ध्या दिवसात कळते. गरज नसेल तर त्याच पैशात आजीच्या ताटात महिनाभर रोज अंडे आणि पेलाभर दूध येऊ शकते.