सेडानची डिकी छाटल्यासारखी का?

महिन्यातून दोनदा मी माझ्या सेकंडहँड डिझायरने सोलापूर-पुणे करतो. मित्र विचारतात, हिची डिकी मागून छाटलीय का रे?

छाटलीच आहे! कारण टॅक्स. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्के झाली. अट अशी, की लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. मग टाटांनी २००८ मध्ये इंडिगो कापून इंडिगो सीएस आणली. २०१२ मध्ये डिझायर ३९९५ मिलिमीटरवर आली. म्हणजे ५ मिलिमीटरने पास! सप्टेंबर २०२५ पासून अशा पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, लांब सेडानला ४०.

आता सीएनजी. डिकीसाठी सेडान घ्यायची आणि तिथेच सिलेंडर बसवायचा? माझ्या आईने बांधून दिलेलं मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पोतं मग मागच्या सीटवर बसतं, आणि आजी घरी राहते. टिगोरमध्ये २०२३ पासून दोन लहान सिलेंडर डिकीच्या तळाशी असतात, तो मार्ग मला पटतो. रोजचं रनिंग भरपूर असेल तरच सीएनजी घ्या, नाहीतर पेट्रोल बरं.

शोरूमला जाताना घरची सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या, डिकीत ठेवून बघा. सेल्समन हसेल, हसू दे.